जाळी झाका, पण इंजिन तापवू नका: सोलापूरच्या हवेत घरगुती ग्रिल ब्लॉक कसा बसवावा

गाडीच्या पुढच्या जाळीतून आत शिरणारी हवा रेडिएटरला थंड करते. मात्र तीच हवा पुढे इंजिनवर, वायरिंगवर, पत्र्यावर आदळत खालून बाहेर पडते आणि गाडीला मागे धरून ठेवते. जाळीचा काही भाग झाकला तर ही ओढ कमी होते, थंडीत इंजिन लवकर गरम होतं आणि हायवेवर थोडं इंधन वाचतं. यालाच ग्रिल ब्लॉक म्हणतात.

काम अवघड नाही. चुकतो तो क्रम. लोक आधी जाळी झाकतात, मग चार दिवसांनी अ‍ॅव्हरेज बघतात आणि तापमानाकडे लक्ष जातं ते लाल दिवा लागल्यावर. खरं तर तापमानाच्या नोंदी सगळ्यात आधी घ्यायच्या, अ‍ॅव्हरेज सगळ्यात शेवटी मोजायचं. दुसरी चूक आपल्या भागातली: थंड देशांतल्या लोकांचे व्हिडिओ बघून पूर्ण जाळी बंद करायची आणि ती होळीनंतरही तशीच ठेवायची. सोलापुरात ग्रिल ब्लॉक हा काढता-घालता येणाराच हवा. कायमचा चिकटवलेला ब्लॉक इथे चालत नाही.

आधी हिशेब: फायदा किती, धोका किती

हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ४० वरून ८० वर गेलात तर रोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. त्यामुळे सात रस्ता, नवी पेठ, भैय्या चौक एवढ्याच फेऱ्या असतील तर ब्लॉकचा इंधनासाठी काडीचाही उपयोग नाही. आठवड्यातून पुणे, हैदराबाद, विजापूर अशा चकरा असतील तरच पुढे वाचा.

हायवेवरसुद्धा एक ते तीन टक्के एवढीच अपेक्षा ठेवावी. गाडी लिटरला १८ किलोमीटर देत असेल आणि तीन टक्के वाचले, तर हजार किलोमीटरमागे साधारण दीड लिटर. छतावरचं रिकामं कॅरियर काढलं आणि टायरमधली हवा कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणली तर यापेक्षा जास्त वाचू शकतं, तेही कसलीही जोखीम न घेता. ती दोन कामं आधी करा.

आता धोका. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकू शकतो, हे कूलंट (इंजिनची उष्णता रेडिएटरपर्यंत नेणारं द्रव) आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९० अंशांवर धरा. जानेवारीत पहाटे बाहेर १५ अंश असतील तर फरक ७५ अंशांचा. एप्रिलच्या दुपारी ४३ अंश असतील तर फरक उरतो ४७ अंशांचा. म्हणजे त्याच रेडिएटरची, तेवढ्याच हवेतली ताकद एक तृतीयांशाहून जास्त घटली. शिवाय डांबराला लागून येणारी हवा हवामान खात्याच्या आकड्यापेक्षा गरम असते, आणि एसी चालू असेल तर रेडिएटरच्या पुढे बसलेला कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, ती आणखी तापवून देतो. जानेवारीत जो ब्लॉक अंगावरही येत नाही, तोच एप्रिलमध्ये इंजिनचं हेड खराब करू शकतो.

कोणी हे करूच नये

- गाडी आधीपासून तापते, कूलंट कमी होतं, किंवा मागच्या वर्षात रेडिएटर, वॉटर पंप, हेड गॅसकेट यांपैकी कशाचंही काम निघालं आहे.
- गाडी ट्रॉली ओढते किंवा कायम भरून चालते.
- जाळीत रडार किंवा कॅमेरा आहे. स्वतःहून ब्रेक लावणाऱ्या, पुढच्या गाडीपासून अंतर राखणाऱ्या नव्या गाड्यांत तो लोगोच्या मागे किंवा खालच्या जाळीत असतो. त्याच्यासमोर काहीही येता कामा नये.
- जाळीच्या पट्ट्या कंपनीनेच उघडझाप होणाऱ्या दिल्या आहेत. त्या गाडीला हे काम आपलं आपण जमतं.

वॉरंटीतली गाडी असेल तर एक गोष्ट समजून घ्या: इंजिन तापल्याची तक्रार नेली आणि जाळीत ब्लॉक सापडला, तर कंपनीला नकार द्यायला कारण मिळतं.

टप्पा १: कूलिंग आधी धडधाकट करा

ब्लॉक म्हणजे कूलिंगची जादा ताकद काढून घेणं. ती जादा ताकद मुळात आहे का, हे आधी बघायचं.

इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे सकाळी पहिल्यांदा चालू करण्याआधी, कूलंटच्या टाकीतली पातळी बघा. ती कमाल आणि किमान या दोन खुणांच्या मध्ये हवी. रंग स्वच्छ हवा; गढूळ, गंजट किंवा तेलकट दिसला तर इथेच थांबा आणि मेकॅनिककडे जा. वरून साधं पाणी ओतत आला असाल तर कूलंट पूर्ण बदलून घ्या. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. अंघोळीच्या गीझरचं जे होतं तेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांचं होतं. तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळलेलं कूलंट, याशिवाय काही घालू नका. कूलंटचा फायदा गंज टाळण्यापुरता नाही. निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल हे मिश्रण साध्या पाण्यापेक्षा जास्त तापमानाला उकळतं, आणि टाकीच्या झाकणाने धरलेल्या दाबामुळे ती मर्यादा आणखी वर जाते. म्हणून झाकणाचं रबर फाटलेलं असेल तर झाकणही बदला. किंमत किरकोळ असते.

नंतर टॉर्च घेऊन जाळीतून आत बघा. कंडेन्सरच्या पत्र्याच्या बारीक पापुद्र्यांत माती, किडे, उसाचं चिपाड, प्लास्टिकचा तुकडा असं काय काय अडकलेलं असतं. साखर कारखाने सुरू असताना ट्रॉल्यांच्या मागून चाललेल्या गाडीत तर हमखास. बागेच्या पाइपने, हलक्या धारेने धुवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा फवारा जवळून मारला तर पापुद्रे आडवे होतात आणि हवा कायमची अडते.

सावधान: गरम इंजिनवर टाकीचं किंवा रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. फडका धरूनसुद्धा नाही.

तपासणी: गाडी सावलीत उभी करून, एसी बंद ठेवून, इंजिन चालू ठेवा. बोनेट उघडा पण हात आत घालू नका. थोड्या वेळाने फॅन लागल्याचा आवाज येईल, काही वेळ चालेल, बंद होईल, पुन्हा लागेल. हे चक्र दोन-तीन वेळा नीट झालं पाहिजे. फॅन लागलाच नाही, किंवा लागला तो थांबेचना, तर ब्लॉकचा विचार सोडून आधी तो दोष काढा. (काही जुन्या गाड्यांत फॅन पट्ट्यावर फिरतो; त्यांना ही तपासणी लागू नाही.)

टप्पा २: ब्लॉक नसतानाच्या नोंदी

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि नंतरची सगळी फसगत इथूनच सुरू होते.

हल्ली कित्येक गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो. थंड असताना निळा दिवा, तापल्यावर लाल दिवा, मधलं काही कळत नाही. ज्यांत काटा आहे त्यांतही तो बऱ्याचदा ७५ पासून १०० च्या पुढेपर्यंत मधोमध थबकून राहतो, कारण चालकाने उगाच घाबरू नये म्हणून तो तसाच बसवलेला असतो. ग्रिल ब्लॉकसाठी हे दोन्ही निरुपयोगी. त्यासाठी ओबीडी स्कॅनर घ्या. स्टिअरिंगच्या खाली ज्या सॉकेटला सर्व्हिस सेंटरवाले लॅपटॉप जोडतात, त्यात बसणारा ब्लूटूथचा छोटा ठोकळा. साधारण २०१३ नंतरच्या गाड्यांत हे सॉकेट असतं. मोबाइलवर अ‍ॅप टाकलं की कूलंटचं तापमान अंशांत दिसतं. गाडी जुनी आहे आणि सॉकेट नाही, तर ब्लॉक करू नका.

आता जाळी पूर्ण उघडी ठेवून हे चार आकडे वहीत लिहा. शेजारी बाहेरचं तापमान आणि एसी चालू होता की बंद, तेही लिहा.

१. मोकळ्या हायवेवर ताशी ८० ने, वीसेक मिनिटं एकसारखं चालवल्यावरचं तापमान.
२. उभ्या गाडीत फॅन कोणत्या अंशाला लागतो आणि कोणत्या अंशाला बंद होतो.
३. दुपारच्या गर्दीत, एसी लावून, रखडत चालतानाचं सगळ्यात वरचं तापमान.
४. चढावरचं सगळ्यात वरचं तापमान. यासाठी सोलापूरहून तुळजापूरला जाताना लागणारा घाट उत्तम. गाडीत माणसं भरलेली असतील तर आणखी चांगलं.

बहुतेक गाड्यांत हायवेवरचा आकडा ८५ ते ९५ च्या मध्ये येतो आणि फॅन ९५ ते १०० च्या आसपास लागतो. पण दुसऱ्याच्या गाडीचे आकडे तुमच्या कामाचे नाहीत. तुमच्या वहीतले हेच तुमचं माप. सीएनजीवर चालवत असाल तर नोंदीही सीएनजीवरच घ्या.

चौथ्या आकड्याला इतकं महत्त्व का, ते सांगतो. थर्मोस्टॅट म्हणजे कूलंटला रेडिएटरकडे कमी-जास्त सोडणारी झडप. तिचं कामच तापमान एका जागी धरून ठेवणं. जाळी थोडी झाकली की थर्मोस्टॅट थोडा जास्त उघडतो आणि आकडा होता तिथेच राहतो. आपल्याला वाटतं काही फरक पडला नाही. प्रत्यक्षात राखीव ताकद खर्च झालेली असते, आणि ते समजतं चढावर, भरल्या गाडीत, एसी लावल्यावर. सपाट रस्त्यावरचा आकडा बघून कोणी "माझी गाडी अजिबात तापत नाही" म्हणालं, तर त्याने अर्धीच परीक्षा दिली आहे.

टप्पा ३: जाळीमागे काय आहे ते ओळखा

बोनेट उघडा, टॉर्च घ्या, पुढून आणि वरून बघा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कापताना उपयोगी पडतो. शोधायच्या गोष्टी अशा:

*बंद जाळी.* बऱ्याच गाड्यांच्या वरच्या जाळीचा निम्मा भाग नुसता दिखाव्याचा, मागून प्लास्टिकने बंदच असतो. तिथे ब्लॉक लावून काही मिळत नाही. बोट किंवा काडी घालून खात्री करा.

*इंजिनचा श्वास.* एअर फिल्टरकडे जाणाऱ्या नळीचं तोंड बहुधा वरच्या जाळीच्या मागे, एका कोपऱ्यात असतं. ते झाकू नका.

*इंटरकूलर.* टर्बोने दाबलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारा भाग. टर्बो गाडीत, म्हणजे आजच्या जवळजवळ सगळ्या डिझेल आणि कित्येक नव्या पेट्रोल गाड्यांत, तो कुठे आहे ते बघा. खालच्या जाळीमागे असेल तर खालची जाळी पूर्ण मोकळी राहील. टर्बोची हवा गरम झाली की ताकद आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही पडतं.

*गिअरबॉक्सचा कूलर.* ऑटोमॅटिक गाडीत कधी कधी छोटा वेगळा कूलर पुढेच असतो. त्याच्यासमोरचा भाग सोडा.

*फॅन.* रेडिएटरच्या मागे तो नेमका कुठे आहे ते लक्षात ठेवा. जुन्या बोलेरो, सुमोसारख्या गाड्यांत तो पट्ट्यावर किंवा थेट इंजिनवर फिरतो. तिथे झाकायचं तर डावीकडे-उजवीकडे सारखं झाका. एकाच बाजूने हवा बंद केली तर पात्यांवर एकतर्फी ताण येतो.

यावरून नियम सोपा निघतो. वरची जाळी आधी झाकायची, खालची सोडायची. खालच्या जाळीवर वेगात हवेचा दाब चांगला असतो आणि तेवढ्यावर रेडिएटरचं भागतं. उलट केलंत, म्हणजे खालची बंद आणि वरची उघडी, तर बऱ्याच गाड्यांत काम बिघडतं.

टप्पा ४: साहित्य

जाळीच्या आडव्या पट्ट्या असतील तर माझी पहिली पसंती एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात त्या काळ्या फोमच्या पाइपला. एसी-फ्रिजच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. दोन पट्ट्यांमधल्या फटीपेक्षा किंचित जाड पाइप घ्या, लांबीला कापा आणि फटीत दाबून बसवा. स्वतःच्या फुगण्याने तो घट्ट राहतो. शिवाय एकेक फट वेगळी झाकता येते, आणि काढायला कसलंही हत्यार लागत नाही. सोलापूरसारख्या ठिकाणी, जिथे महिन्या-महिन्याला ब्लॉक कमी-जास्त करावा लागतो, तिथे याला तोड नाही.

जाळी मधमाशीच्या पोळ्यासारखी असेल तर पाइप बसत नाही. मग सनपॅक शीट. निवडणुकीचे आणि क्लासचे बोर्ड ज्यावर छापतात ती, आत पोकळ नळ्या असलेली प्लास्टिकची शीट. फ्लेक्सच्या दुकानात तुकडाही मिळतो. काळी मिळाली तर जाळीत उठून दिसत नाही.

टाळायचं काय: पुठ्ठा पहिल्या पावसात फुगून लगदा होतो आणि फॅनकडे ओढला जातो. सनबोर्ड उन्हात मऊ पडून वाकतो. थर्माकोल फुटतो, अ‍ॅक्रिलिकला तडा जातो. लोखंडी किंवा जाड अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा तर नकोच. टक्कर झाली तर पुढे कडक धारदार वस्तू असणं समोरच्या माणसाला घातक, आणि पुढच्या भागात बसवलेल्या एअरबॅगच्या सेन्सरच्या वाटेत काहीही नसलेलं बरं.

केबल टाय काळे घ्या, उन्हासाठी बनवलेले. पांढरे टाय आपल्या उन्हात काही महिन्यांत कडक होऊन कटकन तुटतात.

टप्पा ५: साचा, कापणी, बसवणी

फोम पाइप वापरणाऱ्यांना हा टप्पा दोन ओळींचा: फटीची लांबी मोजा, पाइप सेंटिमीटरभर जास्त कापा, मधून दाबायला सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जा. बोटाने ओढून बघा. सहज निघाला तर जास्त जाडीचा घ्या.

शीट वापरणाऱ्यांनी आधी वर्तमानपत्राचा साचा करावा. जाळीवर कागद मास्किंग टेपने चिकटवा, कडेने बोट फिरवून घडी पाडा, त्या घडीवर कापा. साचा एक अखंड करू नका. वरच्या जाळीचे निदान तीन भाग पाडा: डावा, मधला, उजवा. पुढे हवामानानुसार एकेक काढायचा आहे.

साचा शीटवर ठेवताना आतल्या नळ्या उभ्या राहतील असा ठेवा. त्याची दोन कारणं. गाडीचं तोंड डावीकडून उजवीकडे गोलाई घेतं, आणि नळ्या उभ्या असल्या की शीट त्या गोलाईप्रमाणे सहज वळते. आणि नळ्या उभ्या असल्या की पावसाचं पाणी खालून निघून जातं. आडव्या ठेवल्या तर पाणी, माती आत साठते आणि शीट जड होऊन टाय ओढू लागते.

भोकं कडेपासून निदान सेंटिमीटरभर आत पाडा. कटरने किंवा स्क्रूड्रायव्हरने पाडलेलं भोक हायवेच्या कंपनाने फाटत जातं. त्याऐवजी खिळा पक्कडीत धरून गॅसवर तापवा आणि शीटवर टेकवा. प्लास्टिक वितळून भोकाच्या कडेला जाडसर कडं तयार होतं, आणि तिथून फाटत नाही. हे खिडकी उघडून किंवा अंगणात करा, धूर नाकात जाऊ देऊ नका. प्रत्येक तुकड्याला चार टाय. घट्ट आवळा, पण शीट चुरगळेल इतके नको. उरलेली शेपटी कापून टाका.

शीट जाळीच्या बाहेरून लावली तर तोंड गुळगुळीत होऊन हवेचा रोध जास्त कमी होतो, आणि वारा तिला जाळीवरच दाबून ठेवतो. मागून लावली तर दिसत नाही, पण वाऱ्याने ती कंडेन्सरकडे ढकलली जाते. मागून लावायचीच असेल तर शीट आणि कंडेन्सर यांच्यात तीन सेंटिमीटर तरी मोकळी जागा हवी. मला बाहेरून लावलेलीच पटते. एखादा टाय तुटला तर निदान उभ्या गाडीभोवती एक चक्कर मारताना दिसतो.

सावधान: टाय कंडेन्सरच्या किंवा रेडिएटरच्या पापुद्र्यांतून कधीच ओवू नका. एक नळी फुटली की एसीचा सगळा गॅस गेला. नंबर प्लेट, दिवे, टोइंग हुकची जागा आणि बोनेटचं लॉक मोकळं आहे ना, बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाहनात परस्पर बदल करण्याबद्दल आहे. हाताने निघणारा, काहीही न कापता-ठोकता लावलेला ब्लॉक ठेवला तर प्रश्न येण्याचं कारण कमी.

टप्पा ६: थोडं झाका, तपासा, मग आणखी

सुरुवात वरच्या जाळीच्या एक तृतीयांशाने. पहिल्याच दिवशी सगळं झाकायचा मोह आवरा. टप्पा २ मधले चारही आकडे पुन्हा घ्या, जवळपास तशाच हवामानात. मग वहीतले जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवा.

- हायवेवरचं स्थिर तापमान दोन-तीन अंशांपेक्षा जास्त वाढलं, तर झाकलेलं कमी करा.
- एसी बंद असताना, ताशी ८० ने जाताना फॅन लागू लागला, तर खूप झाकलं गेलंय. त्या वेगात समोरची हवा पुरायला हवी. फॅन फिरला की वीज खर्च होते, वीज अल्टरनेटर देतो, अल्टरनेटर इंजिन ओढतं, आणि वाचवलेलं इंधन तिथेच जातं.
- एसीचं गार पूर्वीपेक्षा कमी लागतंय, विशेषतः सिग्नलला, तर कंडेन्सरला हवा कमी पडते आहे. कॉम्प्रेसर जास्त दाबावर चालतो, म्हणजे पुन्हा इंधन.
- घाटातला आकडा तुमच्या फॅन लागण्याच्या आकड्याच्या वर जाऊन खाली यायला तयार नसेल, तर त्याच दिवशी ब्लॉक काढा.

सगळं ठीक असेल तर पुढचा एक तृतीयांश, पुन्हा तीच तपासणी. माझ्या मते आपल्या हवेत थंडीतही वरची जाळी झाकून थांबावं, खालच्या जाळीला हात लावू नये. वरची आणि खालची मिळून उघड्या जागेच्या निम्म्याहून जास्त झाकण्याची गरज मला तरी इथे दिसत नाही.

वाटेत तापमान चढलं तर: एसी बंद. काचा खाली. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण जोरात; त्यामुळे इंजिनची उष्णता केबिनमार्गे बाहेर पडते. वेग उतरवा, सुरक्षित जागी बाजूला घ्या. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली तर इंजिन लगेच बंद. टाकी उघडायची नाही, इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही. ब्लॉक काढा आणि पूर्ण थंड होईपर्यंत थांबा. यासाठी टाय कापायला छोटा कटर डॅशबोर्डच्या कप्प्यात कायम ठेवा.

टप्पा ७: आता अ‍ॅव्हरेज मोजा

डॅशबोर्डवरच्या आकड्यावर भरवसा नको; तो बहुधा थोडं चांगलं दाखवतो. टाकी ते टाकी हीच पद्धत. एकाच पंपावर, एकाच नोझलने, ऑटोकटला थांबवून भरा. वरून आणखी दाबून भरायला सांगू नका.

मार्ग सपाट आणि जाऊन-येऊन घ्या. सोलापूरहून मोहोळ, टेंभुर्णीकडे जाऊन परत, हा बरा. घाटाचा रस्ता या कामाला नको. परत येणं जरुरीचं, कारण पावसाळ्यात पश्चिमेचं वारं जोरात असतं: जाताना तोंडावर, येताना पाठीवर. नुसतं एका बाजूचं मोजलं तर वाऱ्याचं अ‍ॅव्हरेज मोजलं जातं. वेळ तीच, वेग तोच, टायरची हवा तीच, माणसं तेवढीच, एसी एकतर चालू नाहीतर बंद.

तीन फेऱ्या ओळीने करा: ब्लॉकशिवाय, ब्लॉकसह, पुन्हा ब्लॉकशिवाय. पहिल्या आणि तिसऱ्या फेरीचे आकडे एकमेकांना जुळले पाहिजेत. त्या दोघांतच जर तीन टक्क्यांचा फरक असेल, तर मधल्या फेरीतल्या दोन टक्क्यांना अर्थ नाही, पुन्हा मोजा. ब्लॉक लावला म्हणून नकळत हळू चालवणं ही इथली नेहमीची फसवणूक. त्यासाठी सरासरी वेगही लिहून ठेवा.

टप्पा ८: पंचांगाप्रमाणे काढा-घाला

आपल्याकडे ऋतू इतका बदलतो की ही तारीख पाळली नाही तर आधीचे सात टप्पे वाया जातात.

दिवाळीनंतर थंडी पडली की वरची जाळी टप्प्याटप्प्याने झाका. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, म्हणजे संक्रांतीच्या आसपास, वरची जाळी पूर्ण झाकलेली चालते. पहाटे निघणाऱ्यांना इंजिन लवकर गरम होण्याचा फायदाही याच दिवसांत मिळतो. थंडी शिवशिव म्हणत निघून जाते असं घरातली मोठी माणसं सांगतात. महाशिवरात्रीला ब्लॉक निम्म्यावर आणा. होळीच्या आत सगळा खाली. मार्चमध्ये सकाळी गारवा असतो म्हणून राहू दिला आणि दुपारी परतताना ३९ अंश लागले, असं फार वेळा होतं.

होळीपासून पाऊस नीट सुरू होईपर्यंत जाळी पूर्ण उघडी. पावसाळ्यात ढगाळ दिवशी एक तृतीयांश चालेल, पण चिखल उडून शीटच्या कडेला साचतो, तो दर आठवड्याला धुवा. ऑक्टोबरच्या उकाड्यात पुन्हा पूर्ण उघडी.

काढलेले तुकडे डिकीत सपाट ठेवा, प्रत्येकावर मार्करने डावा, मधला, उजवा लिहा. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्याचं स्मरण लावून ठेवा. आणि गाडी सर्व्हिसिंगला देताना किंवा दुसऱ्या कोणाला चालवायला देताना ब्लॉक काढूनच द्या, कारण जाळीत काय लावलंय आणि कोणत्या आकड्याला थांबायचं, हे फक्त तुमच्या वहीत आहे.